हिंगोलीचा रेखांश

नकाशावर अक्षांश आणि रेखांश जोडीने छापलेले असतात, म्हणून दोन्ही एकाच जातीचे वाटतात. हिंगोलीपुरते पाहिले तरी हा समज टिकत नाही. हे शहर उत्तर अक्षांश 19 अंश 43 मिनिटे आणि पूर्व रेखांश 77 अंश 9 मिनिटांच्या आसपास आहे. यातला पहिला आकडा गावात बसून काढता येतो. जुन्या ज्योतिष्यांची रीत अशी : सपाट जमिनीवर बारा अंगुळांचा शंकू उभा करायचा आणि विषुवदिनी भर मध्यान्हीची सावली मोजायची. हिंगोलीत ती सुमारे 4.3 अंगुळे भरते. हीच पलभा, तिच्यावरून अक्षांश निघतो. रेखांश मात्र एकट्या गावाला कधीच सापडत नाही. त्याला दुसरे गाव लागते, आणि एकाच क्षणी दोन्हीकडे किती वाजले हे कळावे लागते. पृथ्वी समजत गेली ती बरीचशी अशी गावे एकमेकांना जोडूनच, असे माझे म्हणणे आहे.

आपल्याकडे हे दुसरे गाव उज्जैन होते. चंद्रग्रहण सगळीकडे एकाच क्षणी लागते. त्या वेळी दोन गावांच्या स्थानिक वेळेत जो फरक पडेल ते त्यांचे देशांतर. एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने हिंगोलीची मध्यान्ह उज्जैनच्या साडेपाच मिनिटे आधी होते. यावर आक्षेप येतो, की या रेघा कल्पित आहेत आणि ग्रीनिचचे शून्य तर 1884 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत मतदानाने ठरले. ते खरेच आहे. विषुववृत्त पृथ्वीच्या फिरण्यानेच ठरते, रेखांशाचे शून्य माणसांनी ठरवायचे असते. पण शून्य कुठेही धरा, हिंगोली आणि उज्जैनमधले अंतर तेवढेच राहते. 1906 पासून आपले घड्याळ 82.5 अंशांच्या रेखांशावर चालते, म्हणून त्यात बारा वाजतात तेव्हा हिंगोलीच्या मध्यान्हीला सरासरी 21 मिनिटे बाकी असतात.

गावे त्रिकोणांनी जोडत विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासला सुरू केलेली जमिनीची मोजणी पुढे 78 रेखांशाच्या आसपासने उत्तरेकडे सरकत, बिदरकडून वऱ्हाडाकडे जाताना हिंगोलीच्या पूर्वेने गेली. ताऱ्यांवरून अक्षांश, त्रिकोणांवरून अंतर. दोन्ही ताडून पाहिल्यावर उत्तरेकडे एका अंशाची लांबी वाढत जाते, म्हणजे पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे, याला पुरावा मिळाला. 1823 मध्ये हिंगणघाटला लॅम्बटन वारला. हे सारे ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्याच्या सोयीसाठी होते, आणि साखळी ओढणाऱ्या खलाशांची नावे नकाशावर आली नाहीत. ही तक्रार रास्त आहे. तरी त्या मोजणीने कळलेला पृथ्वीचा आकार कोणत्याही सरकारच्या मालकीचा नाही.

आज हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेला स्थानाचे हेच गणित लागू आहे. 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला तत्त्वतः मान्यता दिली. तिच्या दोन भुजा प्रत्येकी 4 किलोमीटरच्या. एवढ्या अंतरात जमीन सरळ रेषेपासून सव्वा मीटर वळते, आणि प्रकाशाची वाट सरळ राखताना हा बाक हिशेबात धरावाच लागतो. 14 सप्टेंबर 2015 ची गुरुत्वीय लहर अमेरिकेतल्या लिव्हिंग्स्टनला आधी लागली, 3,000 किलोमीटरवरच्या हॅनफर्डला सुमारे 7 मिलिसेकंदांनी. तेवढ्या फरकावरून उगमाची दिशा ढोबळच कळली. ऑगस्ट 2017 मधल्या एका लहरीच्या वेळी इटलीतली तिसरी वेधशाळा जोडीला होती, तेव्हा आकाशातला शोधायचा पट्टा 28 चौरस अंशांवर आला. औंढ्याची वेधशाळा या तिन्हींपासून हजारो किलोमीटर दूर असेल, म्हणून लहर पोचण्याच्या वेळेतला फरक मोठा मिळेल आणि दिशा अधिक नेमकी ठरेल.