अब्रू, मान, प्रतिष्ठा

माणसाची वा घराण्याची किंमत सांगणारे मराठी शब्द. कोशांत ते एकमेकांचे पर्याय म्हणून येतात. बोलताना मात्र एकाच्या जागी दुसरा चालत नाही. प्रस्तुत नोंदीत परभणी जिल्ह्यातील (तालुके ९, लोकसंख्या १८,३६,०८६, २०११) वापर मुख्यतः विचारात घेतला आहे.

व्युत्पत्ती : अब्रू हा फारसी ‘आब-ए-रू’, म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी, तेज. ‘पाणीदार’, ‘पाणी उतरणे’ या मराठी वळणांशी तो सहज जुळला. इज्जत अरबी. इभ्रतीचा संबंधही अरबी ‘इब्रत’शी जोडतात, उर्दूत त्याचा अर्थ धडा, ताकीद, तर मराठीत पत, लौकिक. परभणी १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होती आणि कचेरीची भाषा उर्दू होती. त्यामुळे हे शब्द येथे परके वाटत नाहीत. मान (आदर) पुल्लिंगी, संस्कृत ‘मान’वरून, शरीराची मान स्त्रीलिंगी, संस्कृत ‘मन्या’वरून. मुळे वेगळी, तरी ‘मान खाली गेली’ म्हणणारा दोन्ही एकदम सांगत असतो. जिल्ह्यातील मानवत तालुक्याच्या नावात हा मान शोधणे ही मात्र ध्वनिसाम्याची हौस होय.

क्रियापदे : खरा भेद येथे दिसतो. मान देतात, घेतात, राखतात. तो दुसऱ्याच्या हातात असतो. लग्नमांडवात माईकवरून नाव पुकारून पाहुण्याला टॉवेल-टोपी देतात. एखाद्या मामाचे नाव राहिले तर टोपी घरी आणून दिली तरी तो घेत नाही. ‘टोपीचं काय नाई, मान राह्यला’. अब्रू राखतात, पण ती चर्चेत येते बहुधा गेल्यावरच : वेशीला टांगली जाते, चव्हाट्यावर येते. अत्याचाराच्या बातमीत ‘अब्रू लुटली’ लिहिणे वृत्तपत्रांनी सोडावे. गुन्हा एकाचा आणि अब्रू जाते दुसरीची, असा त्या शब्दयोजनेचा हिशोब आहे. कायद्यातील अब्रूनुकसानी (भारतीय न्याय संहिता, कलम ३५६, पूर्वी भारतीय दंड संहिता, कलमे ४९९–५००) वेगळी. मोंढ्यात (धान्यबाजारात) यांपैकी काही चालत नाही, तेथे पत चालते. स्वाभिमान कोणी कोणाला देत नाही. तो जपतात, डिवचतात, गहाण टाकतात.

प्रतिष्ठा : मूळ अर्थ पक्के उभे राहणे, स्थापना (‘प्राणप्रतिष्ठा’). गावात ‘प्रतिष्ठित’ म्हणजे घर, जमीन आणि ओळखी असलेला. निवडणुकीत जागा ‘प्रतिष्ठेची’ होते. संविधानाच्या मराठी उद्देशिकेने हाच शब्द प्रत्येक व्यक्तीला दिला. हिंदी पाठात त्या जागी ‘गरिमा’ आहे, आणि हिंदीतील ‘प्रतिष्ठा’ उद्देशिकेतील समतेच्या ओळीत येते, जेथे मराठीत ‘दर्जा’ आहे. म्हणजे हिंदीत जो शब्द पायरी सांगतो, तोच मराठीत पायरी न पाहता मिळणारी किंमत सांगतो. मराठी भाषांतराची ही निवड धाडसी म्हणावी लागेल. मूलभूत कर्तव्यांत स्त्रियांसंबंधीही ‘प्रतिष्ठा’च योजली आहे. बोलीत हा अर्थ अजून पुरता उतरलेला नाही.

अभिमान : संतवाङ्मयात टाकून द्यायचा विकार, आज ‘अभिमान वाटतो’ हे कौतुक. संत जनाबाईंचे जन्मस्थान याच जिल्ह्यातील गोदाकाठचे गंगाखेड मानतात. त्यांची नाममुद्रा ‘नामयाची दासी’. दासी म्हणवून घेण्यात मानाचा त्याग आहे की स्वतःचे नाव ठसवणे, यावर मतभेद आहेत.

अस्मिता : योगसूत्रांतील पाच क्लेशांपैकी एक. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाने दलित साहित्यात या शब्दाला उजळ अर्थ दिला.

विटंबना : माणसाचा अपमान होतो, पुतळ्याची, ग्रंथाची, मृतदेहाची विटंबना. परभणी रेल्वे स्थानकासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्यापाशी असलेल्या संविधानाच्या प्रतिकृतीची १० डिसेंबर २०२४ रोजी मोडतोड झाली, तेव्हा बातम्यांत हाच शब्द होता. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले. अटक झालेल्यांपैकी कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या एका तरुणाचा १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले.