वेताळाचा प्रश्न आणि प्रेक्षकाचे उत्तर

प्रताप नगर ही जयपूरच्या दक्षिणेकडील, सांगानेरनजीकची, राजस्थान गृहनिर्माण मंडळाने उभारलेली विस्तीर्ण वसाहत. भारतातील अशा कोणत्याही वसाहतीत हेरपट किंवा अद्भुतरम्य मालिका पाहून झाल्यावर सहजगत्या मते व्यक्त होतात. नायकाची युक्ती पटली नाही, मायावी किल्ला झकास होता, पहिल्या भागांची रंगत पुढे राहिली नाही, अशा स्वरूपाच्या या बोलण्याला कोणी समीक्षा म्हणत नाही. तथापि अशा मालिका ज्या कथापरंपरेतून आल्या, तिच्यात श्रोत्याचे मत हा कथेचाच एक घटक होता. आणि त्या परंपरेचा एक महत्त्वाचा दुवा जयपूरशीच निगडित आहे.

१७२७ साली जयपूर वसविणाऱ्या सवाई जयसिंहाच्या आज्ञेवरून सूरत कवीश्वराने संस्कृत वेतालकथा ब्रज भाषेत आणल्या. त्यांच्या आधारे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात मजहर अली खान विला आणि लल्लूलाल यांनी हिंदुस्थानी ‘बैताल पच्चीसी’ सिद्ध केली. ती १८०५ साली प्रसिद्ध झाली. मराठीत सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘वेताळपंचविशी’ १८३० साली, म्हणजे मुद्रित मराठी गद्याच्या बाल्यावस्थेत अवतरली. या कथाचक्रात प्रत्येक कथेच्या अखेरीस वेताळ प्रश्न टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होणार. बोलला तर वेताळ पुन्हा झाडाला जाऊन लटकणार. ऐकणाऱ्याने निवाडा दिल्यावाचून येथे कथा पुढे सरकत नाही.

एकोणिसाव्या शतकात मात्र निवाड्याचा हा अधिकार हळूहळू समीक्षकाकडे गेला. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (१८६१) मराठीत अद्भुतरम्य कादंबरीची लाट आली आणि वाचकांनी तिचे स्वागत केले. पुढे १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांविषयीच्या आपल्या निबंधात या कादंबऱ्यांतील असंभाव्यतेवर कठोर आक्षेप घेतले. हिंदीतही असेच घडले. देवकीनंदन खत्री यांच्या ‘चंद्रकांता’तील ऐयार हा हेर, बहुरूपी आणि हिकमती वीर असा एकाच वेळी सर्व काही असतो, त्याचा वावर तिलिस्माच्या मायावी जगात असतो. हेरकथा आणि अद्भुतकथा या दोहोंचा असा संगम अन्यत्र विरळाच. रामचंद्र शुक्ल यांनी आपल्या हिंदी साहित्येतिहासात या कादंबऱ्यांना साहित्याच्या कोटीत बसविण्याचे नाकारले; परंतु त्यांच्यामुळे असंख्य लोक हिंदी वाचावयास शिकले, हेही त्यांनीच नोंदविले. समीक्षकाचा निर्णय आणि वाचकाचा कौल एकाच ग्रंथात शेजारी शेजारी उभे राहिल्याचे हे बोलके उदाहरण होय. मराठीत बाबूराव अर्नाळकरांच्या (१९०६–१९९६) वाट्याला याहूनही विचित्र स्थिती आली. झुंजार आणि काळापहाड यांच्या हजारांहून अधिक रहस्यकथा वाचकांनी मिटक्या मारीत वाचल्या. वाङ्मयेतिहासात मात्र त्यांना मोजक्याच ओळी मिळाल्या.

दृश्य माध्यमांनी ही कोंडी काही अंशी फोडली. १९६२ साली जेम्स बाँड पडद्यावर आला आणि त्याच्या यशानंतर हिंदीत हेरपटांची चलती सुरू झाली. रामानंद सागर यांचा ‘आँखें’ (१९६८) हा त्यांपैकी एक गाजलेला चित्रपट. पुढे याच सागरांनी १९८५ साली दूरदर्शनवर ‘विक्रम और बेताल’ ही मालिका आणली. हेरपटाचा दिग्दर्शक वेताळाकडे वळला, यात दिसते तेवढी विसंगती नाही. हेरपटात प्रेक्षक गुपिताचा छडा लावू पाहतो, वेताळकथेत न्यायाचा; दोन्हीकडे त्याला स्वस्थ बसता येत नाही. १९९४ साली नीरजा गुलेरी यांची ‘चंद्रकांता’ मालिका सुरू झाली. मूळ कादंबरीपासून ती पुष्कळ दूर गेली होती, तरी क्रूरसिंहाचे बोलणे मुलांच्या तोंडी बसले. ज्यांनी खत्री वाचले नव्हते त्यांनीही ऐयारांविषयी हक्काने मत दिले.

या मतांमध्ये तर्कशुद्धता नसते, पूर्वग्रह मात्र भरपूर असतात. त्यांना समीक्षेचे स्थान द्यावे असे कोणी म्हणणार नाही. परंतु एखादी कथा कोणत्या काळी कोणाला का रुचली, याचा पुरावा अन्यत्र फारसा उपलब्ध नसतो. ‘मुक्तामाला’च्या पहिल्या वाचकांनी ती मिटल्यावर आपसांत काय म्हटले असेल, हे आज कळावयास मार्ग नाही, मराठे यांचे आक्षेप तेवढे उरले. त्यामुळे त्या कालखंडाचा इतिहास एकाच पक्षाच्या साक्षीवर लिहिला गेला.

वेताळाच्या शेवटच्या कोड्यापाशी विक्रम निरुत्तर होतो. तेथे त्याचे मौन दोषास्पद ठरत नाही, कारण ते अज्ञानातून आलेले असते. अपराध आहे तो ठाऊक असून न बोलण्याचा. वाचक कशात रमला हे वाङ्मयेतिहासकारांना बहुधा ठाऊक होते. विक्रमाला दिलेली सूट त्यांना मागता येणार नाही.