मिरजेचे वेढे आणि रणक्षेत्रांचे जतन : राज्यस्तरीय धोरणाचा एक विचार

प्रस्तावना

महाराष्ट्रात किल्ला हा शब्द उच्चारताच सह्याद्रीचे शिखर अथवा कोकणचा समुद्र डोळ्यांसमोर उभा राहतो. ११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठा लष्करी भूप्रदेशांचा समावेश झाला. त्यात तमिळनाडूतील जिंजी आणि महाराष्ट्रातील अकरा अशा एकूण बारा किल्ल्यांची निवड झाली. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग व सिंधुदुर्ग ही त्यांतील महाराष्ट्रातील नावे होत. हा गौरव सर्वथा उचित आहे. तथापि या यादीत मैदानी प्रदेशातील भुईकोट एकही नाही, ही गोष्ट अभ्यासकांना विचार करावयास लावणारी आहे. मराठ्यांच्या इतिहासातील कितीतरी निर्णायक घटना उघड्या मैदानात, नदीकाठी आणि भुईकोटांच्या खंदकांभोवती घडल्या आहेत. प्रस्तुत लेखात मिरजेच्या उदाहरणावरून अशा स्थळांच्या राज्यस्तरीय जतनाचा विचार मांडला आहे.

मिरजेचे तीन वेढे

कृष्णेच्या सुपीक खोऱ्यातील मिरज हे विजापूर, कोल्हापूर आणि पन्हाळा यांना जोडणाऱ्या प्रदेशातील मोक्याचे ठाणे होते. येथे डोंगराचा आधार नाही. तट, बुरूज, खंदक आणि भोवतालच्या मुलखातून होणारी रसद यांवरच या भुईकोटाचे बळ अवलंबून होते. या बळाची कसोटी पाहणारे तीन वेढे विशेष उल्लेखनीय आहेत.

पहिला वेढा शिवाजी महाराजांचा. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाल्यानंतर त्याच महिन्याच्या अखेरीस पन्हाळा स्वराज्यात आला. २८ डिसेंबरला कोल्हापूरजवळ रुस्तुमजमान व फाजलखान यांच्या फौजेचा पराभव झाला. त्यानंतर महाराजांनी मिरजेस वेढा घातला. डोंगरी किल्ले झपाट्याने घेणाऱ्या सैन्यास हा भुईकोट मात्र सहजी वश झाला नाही. सिद्दी जौहर मोठ्या फौजेनिशी चालून येत असल्याने महाराजांनी वेढा उठविला व मार्च १६६० च्या आरंभी ते पन्हाळ्यावर आले. पुढील पन्हाळ्याचा वेढा, जुलैमधील विशाळगडाकडे केलेले प्रयाण आणि पावनखिंडीतील झुंज हे याच मोहिमेचे पुढील टप्पे होत. मिरजेतील अपयश समजून घेतल्याखेरीज पन्हाळ्याच्या प्रसंगाची संगती लागत नाही.

दुसरा वेढा छत्रपती शाहूंचा. १६८६ मध्ये आदिलशाही संपुष्टात आल्यावर मिरज मोगली अंमलाखाली गेली. शाहू महाराज मोहिमेसाठी साताऱ्याबाहेर क्वचितच पडत. मिरजेवर मात्र ते जातीने चालून आले आणि १७३९ मध्ये हे ठाणे मराठ्यांच्या ताब्यात आले.

तिसरा वेढा मराठ्यांनीच मराठ्यांना घातलेला आहे. थोरल्या माधवराव पेशव्यांनी मिरजेचा किल्ला गोविंद हरी पटवर्धन यांच्याकडे सोपविला. पुढे १७६२ च्या अखेरीस माधवराव आणि रघुनाथराव यांच्यातील कलहात रघुनाथरावांची सरशी झाली. पटवर्धन माधवरावांच्या बाजूचे असल्याने रघुनाथरावांनी मिरजेवर चाल करून किल्ला घेतला. दुखावलेले गोपाळराव पटवर्धन काही काळ निजामाच्या पक्षास मिळाले. ऑगस्ट १७६३ मधील राक्षसभुवनच्या लढाईत निजामाचा पराभव झाल्यानंतर पटवर्धनांची आणि पेशव्यांची घडी पुन्हा बसली.

एकाच तटाभोवतीचे हे तीन वेढे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. पहिला स्वराज्याच्या लष्करी मर्यादा दाखवितो, दुसरा मराठी सत्तेचा विस्तार दाखवितो आणि तिसरा त्या सत्तेतील अंतर्गत दुफळी उघड करतो.

काय टिकले, काय हरवले

आज मिरजेत ‘किल्ला भाग’ हे वस्तीचे नाव रूढ आहे; किल्ला मात्र अवशेषरूपाने उरला आहे. संस्थानी काळापासून राज्यकारभार किल्ल्याच्या आवारातूनच चालत असल्याने पुढे तेथे शासकीय कार्यालये व वस्ती राहिली. लष्करी उपयोग संपलेल्या भुईकोटाची अशी अवस्था होणे स्वाभाविक होते. डोंगरी किल्ला ओस पडतो, म्हणून त्याचा आराखडा शिल्लक राहतो. भुईकोट शहराच्या पोटात असल्याने त्याचा दगड, त्याचा खंदक आणि त्याभोवतालचे रान या सर्वांना शहराची गरज गिळंकृत करते.

याउलट मिरजेच्या लष्करी वारशाचे दोन अंश उत्तम टिकले आहेत. पहिला कागदांचा. मिरजेस शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरातील पत्रे ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ या नावाने खंडशः प्रसिद्ध केली. उत्तर पेशवाईतील मोहिमांचा अभ्यास या ग्रंथाखेरीज आजही पुरा होत नाही. दुसरा अंश कारागिरीचा. शस्त्रे घडविणारे व दुरुस्त करणारे येथील शिकलगार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांची मागणी ओसरल्यावर तंतुवाद्यांकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव या परंपरेच्या आरंभी घेतले जाते. मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. कागद आणि कसब टिकले, कारण कोणीतरी ते आपले मानले. ज्या भूमीवर हा इतिहास घडला, तिला मात्र असा वाली मिळाला नाही.

कायद्याची चौकट

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत राष्ट्रीय महत्त्वाची म्हणून घोषित झालेली स्मारके वगळता अन्य प्राचीन व ऐतिहासिक स्मारकांचा विषय येतो. त्यानुसार महाराष्ट्राने १९६० चा प्राचीन स्मारके व पुराणवस्तुशास्त्रविषयक स्थळे व अवशेष अधिनियम केला असून त्याची अंमलबजावणी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे आहे. जानेवारी २०२५ मध्ये राज्य शासनाने किल्ल्यांवरील अतिक्रमणे हटविण्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समित्या नेमल्या. त्या वेळी केंद्र संरक्षित किल्ल्यांची संख्या ४७ आणि राज्य संरक्षित किल्ल्यांची संख्या ६२ अशी देण्यात आली होती.

या व्यवस्थेचा पाया वास्तू अथवा अवशेष हा आहे. भिंत, लेणे, शिलालेख, उत्खननयोग्य पांढरीचे टेकाड यांना कायदा ओळखतो. जेथे सैन्याचा तळ पडला, मोर्चे लागले, नदीचा उतार अडविला गेला, अशा मोकळ्या जमिनीस या चौकटीत स्वतंत्र स्थान नाही. त्यामुळे एखादा बुरूज संरक्षित झाला तरी त्यासमोरील ज्या पटांगणामुळे त्या बुरुजास अर्थ प्राप्त होतो, ते पटांगण संरक्षणाबाहेर राहते.

स्मारक आणि रणक्षेत्र

आपल्याकडे ही उणीव स्मारक उभारून भरून काढण्याची प्रथा आहे. उंबरखिंड, नेसरी, कोरेगाव भीमा या ठिकाणी स्तंभ अथवा स्मारके आहेत आणि लोक तेथे श्रद्धेने जातात. परंतु स्तंभ एका बिंदूवर असतो. लढाई मात्र काही कोसांच्या भूमीवर होते. फौज कोठून आली, उंचवटा कोणाच्या हाती होता, माघार कोणत्या वाटेने झाली, हे स्तंभाकडे पाहून उमगत नाही.

इंग्लंडमध्ये १९९५ साली ऐतिहासिक रणक्षेत्रांची नोंदवही तयार झाली. आरंभी तीत ४३ रणक्षेत्रांची सीमांसह नोंद होती. नोंद झाल्याने बांधकामास आपोआप बंदी होत नाही. बांधकामाची परवानगी देताना रणक्षेत्राचा विचार करणे मात्र नियोजन यंत्रणेस भाग पडते. शेती आणि वस्ती यांनी व्यापलेल्या महाराष्ट्रास हा मध्यममार्ग अधिक मानवणारा आहे.

विस्मृतीची किंमत

हा प्रश्न केवळ पुरातत्त्वाचा नाही. सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातील अफझलखान वधाचे चित्र असलेल्या कमानीवरून मिरजेत तणाव निर्माण होऊन दंगल उसळली व तिची झळ आसपासच्या शहरांनाही पोहोचली. वादाचा विषय असलेला प्रसंग प्रतापगडाचा होता. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत खुद्द मिरजेभोवती घडलेला इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. सिद्दी हिलाल शिवाजी महाराजांच्या बाजूने लढत होता, तर अनेक मराठा सरदार आदिलशाहीच्या चाकरीत होते. शंभर वर्षांनी याच किल्ल्यावर पेशव्यांच्या चुलत्याने पेशव्यांच्या सरदाराविरुद्ध तोफा लावल्या. स्थळ डोळ्यांसमोर असते, तेव्हा ही गुंतागुंत समजावून सांगता येते. स्थळ नाहीसे झाले की इतिहास केवळ चित्रात उरतो आणि चित्रात दोनच बाजू मावतात.

उपाययोजना

१. राज्य शासनाने संरक्षित स्मारकांच्या यादीहून वेगळी अशी रणक्षेत्रे व वेढास्थळे यांची नोंदवही तयार करावी. तीत भुईकोटांच्या परिसरास स्थान असावे.

२. नोंद करताना समकालीन पत्रे व बखरी, जुने गाव नकाशे, स्थलनामे आणि प्रत्यक्ष पाहणी यांचा मेळ घालावा. बखरीतील मजकूर अन्य साधनांशी ताडून पाहिल्याविना सीमा निश्चित करू नये.

३. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ नुसार विकास आराखड्यात ऐतिहासिक स्थळांच्या जतनाची तरतूद करता येते. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेस या तरतुदीचा आधार घेऊन तटाची व खंदकाची मूळ रेषा आराखड्यात दर्शविता येईल. त्यासाठी कोणाचेही घर हटविण्याची आवश्यकता नाही.

४. पन्हाळा जागतिक वारसा झालाच आहे. मिरज, कोल्हापूर, पन्हाळा, पावनखिंड व विशाळगड ही १६५९-६० च्या मोहिमेची स्थळे एका सूत्रात मांडल्यास पर्यटकांसही त्या वेढ्याचा पूर्वापार संबंध कळेल.

५. महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी संयुक्तपणे ही पाहणी हाती घ्यावी. पदव्युत्तर प्रकल्पांसाठी यापेक्षा उपयुक्त विषय क्वचितच सापडेल.

समारोप

वासुदेवशास्त्री खरे यांच्या काळात पटवर्धनी दप्तर रुमालांत बांधलेले होते. एका शिक्षकाच्या चिकाटीमुळे ते महाराष्ट्राच्या इतिहासाचे साधन बनले. मिरजेच्या तटाभोवतालची भूमीही असेच एक दप्तर आहे. कागद जीर्ण झाला तरी त्याची नक्कल करता येते. भूमीची नक्कल होत नाही. शिखरांवरील किल्ल्यांना जगाची मान्यता मिळाली असताना मैदानातील रणक्षेत्रांची किमान नोंद तरी राज्याने ठेवणे, हे या मान्यतेशी सुसंगत असे पुढचे पाऊल ठरेल.