रेघांची लिपी : यंत्राच्या वाचनाचा इतिहास



ज्या गुरुजनांच्या पुण्यस्मरणार्थ ही व्याख्यानमाला योजिली आहे, त्यांनी बडोद्यातील या शाळेत अनेक पिढ्यांना वाचावयास शिकविले. तेव्हा वाचन हाच आजच्या व्याख्यानाचा विषय असावा, हे उचितच होय. मात्र मी बोलणार आहे ते माणसाच्या नव्हे, यंत्राच्या वाचनाविषयी. साबणाच्या वडीवर, औषधाच्या खोक्यावर, पुस्तकाच्या मलपृष्ठावर उभ्या काळ्या रेघांचा जो पट्टा आपण नित्य पाहतो, त्या बारकोडाला मी एक लिपी मानतो. तिला चिन्हे आहेत, नियम आहेत, स्वतःचे शुद्धलेखन आहे आणि तिला स्वतःचा वाचकही आहे. लिपीचा इतिहास हा भाषेच्या अध्यापकाच्या अभ्यासाचा भाग असल्यामुळे या प्रांतात पाऊल टाकण्याचे धाडस मी करीत आहे.

या लिपीचा उगम १९४८ सालचा. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे ड्रेक्सेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत बर्नार्ड सिल्व्हर हा तरुण शिकत होता. किराणा मालाच्या एका मोठ्या व्यापारी साखळीचा प्रमुख संस्थेतील अधिष्ठात्यांना विनवीत असल्याचे त्याच्या कानी आले. गिऱ्हाइकाने घेतलेल्या मालाची नोंद आपोआप व्हावी, अशी काही युक्ती शोधून द्या, ही ती विनंती होती. अधिष्ठात्यांनी ती मान्य केली नाही. सिल्व्हरने मात्र आपला मित्र जोसेफ वुडलँड याला ती सांगितली. अतिनील प्रकाशात चमकणारी शाई हा त्यांचा पहिला प्रयोग. ती शाई महाग पडे आणि फिकी होई. पुढे फ्लॉरिडातील मायामी बीच येथे समुद्रकिनारी बसला असता वुडलँडला बालवीर पथकात शिकलेली मोर्सची संकेतलिपी आठवली. त्याने वाळूत टिंबे व डॅश काढले आणि बोटांनी ते खाली ओढले. टिंबाची बारीक रेघ झाली, डॅशची जाड. ऐकण्याची लिपी पाहण्याची लिपी झाली ती अशी.

ऑक्टोबर १९४९ मध्ये दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ ऑक्टोबर १९५२ रोजी ते त्यांना मिळाले. लिपी तयार झाली. परंतु तिला वाचक नव्हता. पाचशे वॅटचा दिवा आणि चित्रपटाच्या ध्वनिपट्टीसाठी वापरली जाणारी प्रकाशसंवेदी नळी यांचे मेजाएवढे यंत्र त्यांनी उभारले, पण दिव्याच्या धगीने कागदच करपू लागे. १९६० साली थिओडोर मेमन याने पहिला लेसर सिद्ध केला. तसा बारीक, स्थिर प्रकाशकिरण आणि स्वस्त संगणक हाती येईपर्यंत या लिपीला वाट पाहावी लागली. १९६३ साली, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी, सिल्व्हर निवर्तला. पेटंटची मुदतही १९६९ साली संपली. आपल्या लिपीचे वाचन पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

पुढील टप्पा १९७३ सालचा. अमेरिकेतील किराणा उद्योगाने सर्वांसाठी एकच चिन्ह निवडण्याचे ठरविले. आरसीए कंपनीने पेटंटातीलच वर्तुळाकार चिन्ह पुढे केले होते. वर्तुळ कोठूनही वाचता येते, हा त्याचा गुण. परंतु छपाईयंत्रातून कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेने शाई फरफटते आणि वर्तुळ बिघडते. आयबीएम कंपनीतील जॉर्ज लॉरर यांनी समांतर उभ्या रेघा घेतल्या. छपाईच्या दिशेने शाई पसरली तर रेघ किंचित लांब होते, एवढेच. अर्थ बदलत नाही. शिवाय रेघेच्या केवळ जाडीवर विसंबून न राहता एका रेघेच्या आरंभापासून पुढल्या रेघेच्या आरंभापर्यंतचे अंतर मोजावे, अशी योजना त्यांनी केली. शाई फुगली तर सर्वच रेघा सारख्या फुगतात आणि ती अंतरे जशीच्या तशी राहतात. डावीकडील व उजवीकडील अंकांच्या आकृत्या त्यांनी परस्परविरुद्ध ठेविल्या. त्यामुळे डबा उलटा धरला तरी यंत्राला दिशा कळते. ३ एप्रिल १९७३ रोजी हे चिन्ह स्वीकारले गेले आणि २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील ट्रॉय गावी मार्श या दुकानात त्याची पहिली वस्तू वाचली गेली. ते सदुसष्ट सेंटांचे च्युइंगमचे पाकीट होते.

येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. यंत्राला वाचता आले ते त्याची दृष्टी तीक्ष्ण झाली एवढ्यामुळेच नव्हे. वाचणाऱ्याचे दौर्बल्य ओळखून लिहिणाऱ्याने लिहिले, म्हणून ते साध्य झाले. या इतिहासात वाचनाच्या प्रत्येक यशामागे लेखनाची काळजी उभी आहे.

या काळजीचे सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे शेवटचा अंक. १९७७ पासून युरोपने तेरा अंकांची पद्धत रूढ केली, तीच आपल्याकडेही आली. भारतातील संस्थेमार्फत दिल्या जाणाऱ्या क्रमांकांचा आरंभ ८९० ने होतो. नमुन्यादाखल ८९०१२३४५६७८९ हे बारा अंक घ्या. पहिला, तिसरा, पाचवा असे विषम स्थानचे अंक मिळविले तर अठ्ठावीस होतात. सम स्थानच्या अंकांची बेरीज चौतीस. तिची तिप्पट एकशे दोन. एकूण एकशे तीस. ही बेरीज दहाने निःशेष भागली जावी म्हणून जो अंक मिळवावा लागतो, तो तेरावा अंक, येथे शून्य. कोणताही एक अंक चुकीचा वाचला गेला तर बेरीज बिघडते आणि यंत्र वाचन नाकारते. शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तरीही बहुधा चूक कळते. त्या दोहोंत पाचाचे अंतर असेल तेवढीच चूक निसटते.

हे तत्त्व आपल्याला अपरिचित नाही. वेदपाठात संहितेबरोबर पद, क्रम, जटा, घन असे पाठ सिद्ध झाले. तीच पदे पुढून मागे, मागून पुढे म्हटली जातात. त्यातून नवा अर्थ निघत नाही. परंतु कोठे एक वर्ण ढळला तर तो तत्काळ उघड होतो. पुनरुक्ती हा काव्यात दोष असेल. जतनात तो गुण होय. तेरावा अंक हा त्या विशाल तत्त्वाचा एक लहानसा वंशज म्हणावयास हरकत नाही.

आता चित्रातून होणाऱ्या वाचनाकडे वळू. लेसरचा किरण एका रेषेत फिरतो आणि परतलेल्या प्रकाशाचे चढउतार मोजतो. छायाचित्रात असा किरण नाही. तेथे आहेत केवळ सहस्रावधी चित्रबिंदू आणि प्रत्येकाच्या उजेडाचा एक आकडा. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेत रसेल किर्श यांनी १९५७ साली आपल्या तान्ह्या मुलाचे छायाचित्र संगणकात उतरविले. ते १७६ गुणिले १७६ बिंदूंचे होते, आणि त्यांच्या यंत्राला मुळात काळा किंवा पांढरा एवढाच भेद कळे.

काळे कोणते आणि पांढरे कोणते, हाच या वाचनातील खरा कूटप्रश्न ठरला. सावलीतील पांढरा कागद उन्हातील काळ्या शाईहून काळा असू शकतो. १९७९ साली जपानी संशोधक नोबुयुकी ओत्सु यांनी संपूर्ण चित्रातील उजेडाची वाटणी पाहून उंबरठ्याचा आकडा काढण्याची रीत दिली. पण अर्धे चित्र सावलीत असेल तर एकच उंबरठा पुरत नाही. म्हणून पुढच्या कार्यक्रमकारांनी चित्राचे लहान लहान चौकोन पाडले आणि प्रत्येक चौकोनासाठी शेजाऱ्यांकडे पाहून वेगळा उंबरठा ठरविला. भ्रमणध्वनीवर बहुपरिचित झालेल्या झेड-एक्सिंग या मुक्त कार्यक्रमसंचात हीच रीत आहे. ‘झेब्रा क्रॉसिंग’ या शब्दांचा तो संक्षेप.

उंबरठा ठरल्यावर कार्यक्रम चित्रावर आडव्या ओळी टाकतो, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांच्या रुंदी मोजतो आणि त्यांची परस्पर प्रमाणे कोष्टकाशी ताडून पाहतो. प्रत्यक्ष मापे निरुपयोगी असतात, कारण डबा जवळ आहे की दूर हे त्याला ठाऊक नसते. एका ओळीत अंक जुळले नाहीत तर दुसरी ओळ, तिसरी ओळ. आणि अखेरीस तेराव्या अंकाची साक्ष. अस्पष्ट पोथी वाचताना आपणही संदर्भाने अक्षर लावतो. भेद एवढाच की, आपण कधी कधी आपल्याला हवे ते अक्षर लावतो. हे यंत्र बेरीज जुळली नाही तर गप्प बसते. तो त्याचा प्रामाणिकपणा मला शिकण्याजोगा वाटतो.

१९९४ साली जपानमधील डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्यूआर कोड घडविला. मोटारींच्या सुट्या भागांच्या खोक्यांवर एकेक करून अनेक बारकोड वाचताना कामगार त्रस्त होत, हे त्याचे निमित्त. त्याच्या तीन कोपऱ्यांतील चौकोन मधून कोणत्याही दिशेने छेदले तरी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे प्रमाण एकास एक, तीन, एक, एक असेच येते. छापील कागदांवर हे प्रमाण क्वचितच आढळते, हे पाहून ते निवडले गेले. आयर्व्हिंग रीड व गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेल्या गणितामुळे, सर्वांत सुरक्षित प्रकारात सुमारे तीस टक्के मजकूर नष्ट झाला तरी मूळ संदेश पुन्हा उभा करता येतो. तेरावा अंक चूक दाखवीत असे. हे गणित ती दुरुस्त करते.

परंतु या प्रगतीत एक गोष्ट हातची सुटली. बारकोडाच्या रेघांखाली तेच अंक माणसाच्या लिपीत छापलेले असतात. यंत्र अडले तर दुकानातील मनुष्य ते अंक वाचून टंकित करतो. क्यूआर कोडाच्या चौकटीखाली असे लेखन असेलच, असा नियम नाही. ती लिपी केवळ यंत्राने यंत्रासाठी वाचावयाची आहे.

ज्या लिपीचा अर्थ एका पक्षालाच कळतो, ती काय करू शकते, हे आपल्या इतिहासाने पाहिले आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील जुन्या दप्तरांत मोडीचे कागद आहेत. मोडीत दोष नव्हता. दोष होता तो कागदावर अंगठा उठविणाऱ्याला त्यातील मजकूर कळत नव्हता यात. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे हिसकावून जाळले. जे वाचता येत नाही तेच आपल्याला बांधते, हे त्यांना अनुभवाने उमगले होते. नंतर १८७९ च्या कायद्याने शेतकऱ्यांचे दस्तऐवज ग्रामनिबंधकासमोर व्हावेत अशी तरतूद केली. आणि आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण लागू करून या रोगाचे मूळ शोधले.

अमेरिकेतही १९७० च्या दशकात ग्राहकांनी असाच प्रश्न विचारला होता : किंमत रेघांत गेली, तर आम्ही ती वाचावयाची कशी? काही राज्यांनी प्रत्येक वस्तूवर किंमत छापण्याची सक्ती करणारे कायदे केले. आपल्याकडे २०१६ साली यूपीआय आले आणि भाजीच्या गाडीवर, रिक्षात, देवळाच्या दानपेटीवर क्यूआर कोड दिसू लागले. त्या चौकटीवर कोणी रात्रीतून दुसरी चौकट चिकटविली तर डोळ्यांना भेद कळत नाही. असे प्रकार घडलेही आहेत. ‘पैसे मिळविण्यासाठी हा कोड वाचा’ असे सांगून लुबाडणारेही आहेत. वास्तविक पैसे स्वीकारण्यासाठी कोड वाचण्याची किंवा गुप्त क्रमांक देण्याची आवश्यकताच नसते.

म्हणून यंत्राच्या वाचनाचा त्याग करावा, असे मी म्हणणार नाही. त्या लिपीची निर्मिती ही मानवी बुद्धीची थोर कामगिरी आहे. माझे म्हणणे इतकेच की, त्या लिपीशेजारी माणसाचे अक्षर असलेच पाहिजे. दुकानदाराचे नाव त्याच्या गिऱ्हाइकांच्या लिपीत ठळक छापलेले असावे. पैसे देण्यापूर्वी भ्रमणध्वनीच्या पडद्यावर उमटणारे नाव त्याच्याशी ताडून पाहावे. आणि ही सवय शाळेनेच लावावी. वुडलँड, सिल्व्हर आणि लॉरर यांच्या परंपरेने यंत्राच्या दुर्बल डोळ्यांची इतकी काळजी घेतली. माणसाच्या डोळ्यांसाठी तितकीच काळजी घेणे हे आता आपले, वाचावयास शिकविणाऱ्यांचे, काम आहे.