जुन्या रॉक व सोल गीतांची रेडिओ-संध्या : परंपरा, रचना आणि मानधनाचा प्रश्न

एखादा विषय निश्चित करून त्याच्याशी निगडित जुनी ध्वनिमुद्रणे सायंकाळी वा रात्री सलगपणे ऐकवणे, ही अमेरिका आणि ब्रिटनमधील नभोवाणीची दीर्घ परंपरा आहे. अशा जुन्या गीतांना तेथे ‘ओल्डीज’ असे संबोधले जाते. सर्वसाधारणपणे १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंतचे रॉक अँड रोल, रॉक आणि सोल संगीत या संज्ञेत समाविष्ट होते. विविध भारतीवरील ‘भूले बिसरे गीत’ ऐकणाऱ्या भारतीय श्रोत्यांना ही कल्पना अपरिचित वाटणार नाही. मात्र अमेरिकेतील या परंपरेमागे वर्णभेदाचा इतिहास उभा आहे, आणि ज्या गायकांच्या आवाजावर हे कार्यक्रम चालतात त्यांना त्याचा मोबदला मिळतो काय, हा प्रश्नही तिच्याशी जोडलेला आहे.

सोल आणि रॉक : उगम

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत कृष्णवर्णीय कलावंतांची ध्वनिमुद्रणे स्वतंत्र यादीत मोजली जात. ‘बिलबोर्ड’ या व्यवसाय-साप्ताहिकाने जून १९४९ मध्ये त्या यादीचे ‘रेस रेकॉर्ड्स’ हे वंशवाचक नाव वगळून ‘रिदम अँड ब्लूज’ हे नाव स्वीकारले. या संगीतात चर्चमधील गॉस्पेल भजनांची आर्त गायनशैली मिसळली आणि त्यातून सोल संगीत आकारास आले. १९५० च्या दशकाच्या मध्यावर रे चार्ल्स यांनी आणि त्यानंतर सॅम कुक यांनी या शैलीला लोकमान्यता मिळवून दिली. दुसरीकडे याच रिदम अँड ब्लूजचा कंट्री संगीताशी संयोग होऊन रॉक अँड रोल जन्मास आले. रॉक आणि सोल ही अशा प्रकारे एकाच मुळाची दोन अपत्ये होत. एकाच संध्याकाळी ती शेजारी-शेजारी ऐकवली जातात, ती याच कारणाने.

१९६० च्या दशकात सोल संगीताची दोन प्रमुख केंद्रे होती. डेट्रॉइट येथे बेरी गॉर्डी यांनी जानेवारी १९५९ मध्ये कुटुंबीयांकडून घेतलेल्या ८०० डॉलरच्या कर्जावर कंपनी सुरू केली. तीच पुढे ‘मोटाऊन’ या नावाने विख्यात झाली. दुसरे केंद्र टेनेसी राज्यातील मेम्फिस. तेथे जिम स्टुअर्ट यांनी १९५७ मध्ये स्थापन केलेल्या आणि त्यांच्या भगिनी एस्टेल ॲक्सटन यांच्या सहभागाने वाढलेल्या कंपनीस १९६१ मध्ये ‘स्टॅक्स’ हे नाव मिळाले. एका जुन्या चित्रपटगृहात तिचा स्टुडिओ होता. ‘बुकर टी अँड द एमजीज’ या तिच्या वाद्यवृंदात श्वेत आणि कृष्णवर्णीय वादक एकत्र वाजवत असत. तत्कालीन दक्षिणेत ही गोष्ट सामान्य नव्हती. स्टॅक्सच्या मंडळींना एकत्र बसून गीतरचना करता येईल अशा मोजक्या जागांपैकी एक होते लोरेन मोटेल. याच मोटेलच्या सज्जात ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली.

रेडिओने ओलांडलेली रेषा

उपाहारगृहे, शाळा आणि बसगाड्या यांत वर्णभेद पाळला जात असतानाही ध्वनिलहरींना मात्र अशी सीमा घालता येत नव्हती. मेम्फिसमधील डब्ल्यूडीआयए या केंद्राने १९४८ मध्ये शिक्षक व पत्रकार नॅट डी. विल्यम्स यांना निवेदक म्हणून नेमले आणि लवकरच आपले संपूर्ण प्रसारण कृष्णवर्णीय श्रोत्यांसाठी योजले. बी. बी. किंग आणि रूफस थॉमस हे कलावंत या केंद्रावर निवेदक होते. १९५४ मध्ये केंद्राची प्रक्षेपणशक्ती ५० हजार वॉट झाली आणि त्याचा आवाज मिसिसिपी खोऱ्यात दूरवर पोहोचला. रात्रीच्या वेळी मध्यमलहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होऊन शेकडो मैल दूर जातात. श्वेतवर्णीय घरांतील तरुणही आपल्या खोलीत हे संगीत ऐकू लागले, त्यामागे हे तांत्रिक कारणही होते.

ओहायो राज्यातील क्लीव्हलँड येथे ॲलन फ्रीड यांनी जुलै १९५१ मध्ये डब्ल्यूजेडब्ल्यू केंद्रावरून ‘मूनडॉग’ या नावाने रात्रीचा कार्यक्रम सुरू केला. ‘रॉक अँड रोल’ ही संज्ञा लोकप्रिय करण्याचे श्रेय मुख्यतः त्यांना दिले जाते. २१ मार्च १९५२ रोजी त्यांनी क्लीव्हलँड अरीनामध्ये आयोजित केलेला जलसा क्षमतेपेक्षा कितीतरी अधिक गर्दी लोटल्यामुळे अधिकाऱ्यांना थांबवावा लागला. पहिली मोठी रॉक मैफल म्हणून तिचा उल्लेख केला जातो. पुढे रेकॉर्ड कंपन्यांकडून पैसे घेऊन गाणी वाजवण्याच्या प्रकरणात १९५९ नंतर फ्रीड यांची कारकीर्द संपुष्टात आली आणि १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले.

रेडिओच्या या कार्याची दखल खुद्द मार्टिन ल्यूथर किंग यांनी घेतली होती. ऑगस्ट १९६७ मध्ये अटलांटा येथे निवेदकांच्या अधिवेशनात बोलताना त्यांनी नागरी हक्कांच्या चळवळीतील कृष्णवर्णीय निवेदकांच्या योगदानाबद्दल कृतज्ञता व्यक्त केली.

‘ओल्डीज’चा जन्म आणि समर्पणाची प्रथा

जुनी गाणी पुन्हा ऐकवण्याच्या प्रथेशी कॅलिफोर्नियातील आर्ट लबो यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. आर्मेनियन कुटुंबात १९२५ मध्ये जन्मलेल्या लबो यांनी १९५० च्या दशकात लॉस एंजेलिस शहराबाहेरील एल मॉन्टे येथे नृत्यसंध्या आयोजित केल्या. अल्पवयीनांच्या सार्वजनिक नृत्यांवर शहराच्या हद्दीत निर्बंध असल्याने हे ठिकाण निवडण्यात आले होते. मेक्सिकन वंशाचे, कृष्णवर्णीय आणि श्वेतवर्णीय तरुण तेथे एकाच सभागृहात नाचत असत. अवघ्या काही वर्षांपूर्वीची गाणी हे तरुण पुन्हा पुन्हा मागत आहेत, हे लबो यांच्या ध्यानी आले. विविध कंपन्यांकडून परवाने मिळवून त्यांनी १९५९ मध्ये ‘ओल्डीज बट गुडीज’ हा संकलित अल्बम प्रसिद्ध केला. तो बिलबोर्डच्या यादीत तीन वर्षांहून अधिक काळ टिकला.

लबो यांच्या रात्रीच्या कार्यक्रमाचे खरे वैशिष्ट्य होते समर्पण, म्हणजे श्रोत्याने दूरध्वनी करून एखादे गीत आपल्या माणसाच्या नावे अर्पण करणे. पुढील दशकांत कॅलिफोर्निया आणि नैर्ऋत्य अमेरिकेतील तुरुंगांत असलेल्या कैद्यांसाठी त्यांच्या पत्नी, माता आणि मुले या कार्यक्रमात गीते मागू लागली. भेटीसाठी दूरचा प्रवास परवडत नसलेल्या कुटुंबांना रविवारच्या रात्री एकाच वेळी एकच गीत ऐकणे हाही भेटीचाच एक प्रकार होता. सीमेवरील सैनिकांसाठी विविध भारतीने चालवलेल्या ‘जयमाला’ कार्यक्रमाचे येथे सहज स्मरण व्हावे. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी, वयाच्या ९७ व्या वर्षी लबो यांचे निधन झाले. त्यांचा अखेरचा कार्यक्रम त्याच आठवड्यात ध्वनिमुद्रित झालेला होता आणि तो निधनानंतर प्रसारित करण्यात आला.

एफएम, लांब गीते आणि ब्रिटन

१९४९ मध्ये आलेल्या ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकडीमुळे गीताची लांबी साधारण तीन मिनिटांची ठरून गेली होती. १९६० च्या दशकाच्या मध्यावर अमेरिकी नियामकांनी मोठ्या शहरांतील एफएम केंद्रांना आपल्या एएम केंद्राचेच कार्यक्रम दिवसभर पुन्हा प्रसारित करण्यास मनाई केली. नव्या वेळेत नवे काही देणे भाग पडले. १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे टॉम डोनाह्यू यांनी केएमपीएक्स केंद्रावर लांब अल्बम-गीते वाजवण्यास प्रारंभ केला. लेड झेपेलिनचे आठ मिनिटांचे ‘स्टेअरवे टू हेवन’ (१९७१) हे गीत त्या काळी अमेरिकेत स्वतंत्र तबकडी म्हणून विक्रीस आलेच नाही, तरीही एफएममुळे ते घरोघरी पोहोचले. याच संग्रहातून १९८० च्या दशकात ‘क्लासिक रॉक’ हा केंद्रांचा स्वतंत्र प्रकार रूढ झाला.

ब्रिटनमध्ये खासगी रेडिओ नसल्याने रात्री रेडिओ लक्झेंबर्ग आणि मार्च १९६४ पासून जहाजावरून प्रसारण करणारे ‘रेडिओ कॅरोलाइन’ हे तरुणांचे आधार होते. ऑगस्ट १९६७ मध्ये कायद्याने अशा सागरी केंद्रांवर बंदी आली आणि ३० सप्टेंबर रोजी बीबीसीने ‘रेडिओ वन’ सुरू केले. बीबीसी रेडिओ टूवरील ‘साउंड्स ऑफ द सिक्स्टीज’ हा कार्यक्रम ब्रायन मॅथ्यू यांनी १९९० पासून २०१७ पर्यंत सादर केला. येथे महाराष्ट्राशी असलेला एक दुवाही उल्लेखनीय आहे. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेले फारुख बलसारा हेच पुढे ‘क्वीन’चे फ्रेडी मर्क्युरी झाले. त्यांचे सुमारे सहा मिनिटांचे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सोडी’ १९७५ मध्ये रेडिओसाठी फार लांब समजले जात होते. लंडनच्या कॅपिटल रेडिओवर केनी एव्हरेट यांनी ते एका शनिवार-रविवारी चौदा वेळा वाजवले आणि तो आक्षेप निकालात निघाला.

विषयाधारित संध्येची रचना

अशा कार्यक्रमाचा विषय अनेक प्रकारे ठरवला जातो. कधी एखादे वर्ष, कधी एखादे शहर वा कंपनी, कधी पाऊस, आगगाडी किंवा दूरध्वनी यांसारखी वस्तू, तर कधी मूळ गीत आणि त्याची नंतरची आवृत्ती यांची तुलना. या प्रकाराचे सर्वाधिक परिचित उदाहरण म्हणजे बॉब डिलन यांनी एक्सएम उपग्रह रेडिओवरून सादर केलेला ‘थीम टाइम रेडिओ अवर’. मे २००६ मध्ये ‘हवामान’ या विषयाने त्याचा आरंभ झाला. माता, कॉफी, तुरुंग अशा विषयांवर एप्रिल २००९ पर्यंत त्याचे शंभर भाग झाले आणि २०२० मध्ये एक विशेष भागही प्रसारित झाला. सोल, रॉक, कंट्री, ब्लूज असा कोणताही भेद न करता केवळ विषयाच्या सूत्रात गीते ओवणे, हे त्याचे वेगळेपण होते.

निवेदकाचे कौशल्य क्रमात दिसून येते. एका गीताचा शेवट आणि पुढच्याचा आरंभ यांची लय व स्वर जुळावा लागतो. परिचितासोबत अपरिचित गीत द्यावे लागते. वादक, स्टुडिओ आणि वर्ष यांची माहिती थोडक्यात सांगावी लागते. ध्वनिमुद्रणाची आवृत्ती निवडणे हेही महत्त्वाचे असते. १९६० च्या दशकातील बहुसंख्य एकल तबकड्यांचे मिश्रण एएम रेडिओ आणि मोटारीतील एकाच ध्वनिक्षेपकाचा विचार करून एकमार्गी, म्हणजे मोनो स्वरूपात केले गेले होते. पुढे काढलेल्या स्टिरिओ आवृत्तीत तीच जोरकसता नेहमी आढळत नाही. म्हणून जाणकार निवेदक मूळ मोनो आवृत्तीचा आग्रह धरतात.

गीत वाजते, गायकास काय मिळते?

‘रिस्पेक्ट’ हे गीत ओटिस रेडिंग यांनी लिहून १९६५ मध्ये गायले. १९६७ मध्ये ॲरेथा फ्रँकलिन यांनी गायलेल्या आवृत्तीने ते नागरी हक्क आणि स्त्री-सन्मान यांचे प्रतीक बनले. तथापि अमेरिकेतील एएम-एफएम केंद्रावर फ्रँकलिन यांची आवृत्ती वाजली तरी स्वामित्वधन रचनाकार या नात्याने रेडिंग यांच्या वारसांना व प्रकाशकांना मिळत आले. गायिकेस त्या वादनाचा मोबदला नव्हता. रेडिओमुळे तबकडीचा खप वाढतो, हाच प्रसिद्धीरूपी मोबदला, असा प्रसारकांचा युक्तिवाद असतो. ब्रिटनसह अनेक देशांत मात्र गायक-वादकांनाही रेडिओ-वादनाचे मानधन मिळते.

१९९५ च्या कायद्याने अमेरिकेत डिजिटल प्रसारणापुरता गायक आणि ध्वनिमुद्रण-मालक यांचा हक्क मान्य झाला. परंतु १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीची ध्वनिमुद्रणे संघराज्याच्या स्वामित्वहक्क कायद्याच्या कक्षेबाहेर होती. याचा अर्थ, मोटाऊन व स्टॅक्सच्या सुवर्णकाळातील बहुतेक गीते त्यातून वगळली गेली. ‘द टर्टल्स’ या गटाच्या दोन संस्थापकांनी २०१३ मध्ये सिरियस-एक्सएम विरुद्ध न्यायालयात धाव घेतली. अखेर ११ ऑक्टोबर २०१८ रोजी मंजूर झालेल्या ‘म्युझिक मॉडर्नायझेशन’ कायद्याने या जुन्या ध्वनिमुद्रणांनाही डिजिटल मानधन लागू केले. परवान्याच्या रकमेपैकी ४५ टक्के प्रमुख कलावंतास, ५ टक्के साथीदार वादक-गायकांस आणि ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकास, अशी वाटणी ठरलेली आहे. एएम-एफएम प्रसारणाची सूट मात्र या कायद्याने हटवली नाही. ॲरेथा फ्रँकलिन यांचे निधन हा कायदा होण्यापूर्वी आठ आठवडे, १६ ऑगस्ट २०१८ रोजी झाले. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकारांचा स्वामित्वधनाचा हक्क बळकट करण्यात आला, हे येथे नमूद करण्याजोगे आहे.

आकुंचन आणि सातत्य

जाहिरातदारांचे लक्ष प्रामुख्याने २५ ते ५४ या वयोगटाकडे असते. श्रोत्यांचे वय वाढले की त्यांची गीतेही केंद्रांवरून हळूहळू हद्दपार होतात. न्यूयॉर्कच्या डब्ल्यूसीबीएस-एफएमने १९७२ मध्ये जुन्या गीतांचे स्वरूप स्वीकारले होते. ३ जून २००५ रोजी ते अचानक बंद करण्यात आले. श्रोत्यांचा रोष इतका होता की १२ जुलै २००७ रोजी ते पुन्हा आणावे लागले. परत आलेल्या संग्रहात मात्र १९५० च्या दशकाला जवळपास स्थान उरले नव्हते आणि भर पुढील दशकांवर होता.

परिणामी १९६० च्या दशकातील कमी परिचित सोल व रॉक गीतांचा आसरा आता साप्ताहिक संध्या, सामुदायिक आणि विद्यापीठीय केंद्रे यांच्याकडे सरकला आहे. संगणकीय यादी श्रोत्यास आवडलेल्या गीतासारखे दुसरे गीत सुचवते. विषयाधारित संध्येतील निवेदक मात्र ते गीत कोणी, कोठे आणि कोणत्या परिस्थितीत गायले हे सांगतो, आणि ज्याचे नाव तबकडीवर छापलेच गेले नव्हते अशा वादकाचाही उल्लेख करतो.