लकडगंजची मोजणी

नागपूरच्या पूर्व अंगास, इतवारीची दाट पेठ मागे टाकल्यावर, लकडगंज लागते. ‘गंज’ हा शब्द फारसी अमदानीतला, त्याचा अर्थ मालाचा साठा अथवा बाजार. आणि माल कोणता हे नावाच्या पूर्वार्धातच नमूद असल्याकारणाने या स्थळाचा इतिहास शोधू जाणाऱ्यास पहिला दाखला कोणत्याही कचेरीचे दफ्तर न उलगडता मिळतो. १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाले, १८६४ साली ब्रँडिससाहेबांच्या हाताखाली सरकारी वनखात्याची घडी बसू लागली, १८६७ साली मुंबईकडून आगगाडी येथवर पोहोचली, आणि चांदा, बालाघाट, शिवनी या मुलखांतील सागवान व्यापाराच्या मोठ्या प्रवाहात पडले. लकडगंजातील वखारी, आरागिरण्या आणि त्यांच्या आश्रयाने राहिलेले सुतारकाम हे त्याच प्रवाहाच्या काठचे.

या व्यापारात ओंडका मोजण्याची जी रीत चालत आली, ती मला फार विचार करण्याजोगी वाटते. ओंडक्याचा मध्यावरचा घेर घ्यावयाचा, त्याचा चौथा हिस्सा करावयाचा, त्या हिश्श्याचा वर्ग लांबीने गुणावयाचा, की घनफूट हाती येतात. भूमितीच्या विद्यार्थ्यास ही रीत सदोष दिसेल, कारण गोल ओंडक्याच्या खऱ्या घनफळापैकी सुमारे साडेएकवीस टक्के तीत हिशेबाबाहेर राहते. परंतु साल निघेल, चिरताना कडा जातील, भुसा पडेल, हे सारे धरूनच विकणारा, घेणारा आणि वनखात्याचा कारकून या तिघांनी ती तूट कबूल केलेली असते. आकडा कशाने, कोठे आणि कोणती सूट धरून काढला हे ज्यास ठाऊक नाही, त्याने त्यावर सौदा करू नये. हवामानाच्या आणि उपग्रहांच्या आकड्यांचा अभ्यास ज्या नागपुरात आज चालतो, त्या नागपुराने हा पाठ आपल्या लाकूडबाजारात फार पूर्वी गिरवला आहे, असे माझे मत आहे.

शिवाय लाकूड हे स्वतःच हवामानाचे दफ्तर होय. सागाचे झाड कोरड्या ऋतूत पाने टाकते आणि पावसाबरोबर पुन्हा वाढीस लागते, म्हणून उष्ण कटिबंधातील पुष्कळ वृक्षांत स्पष्ट न दिसणारी वार्षिक वलये सागाच्या छेदात दिसतात. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील संशोधकांनी होशंगाबादच्या सागांवरून जून ते सप्टेंबरच्या गतकालीन पर्जन्याचा मागोवा घेतला, तो निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी केरळातील सागांची ५२३ वर्षांची वलयमाला जुळवून तीत एल निनो आणि अवर्षण यांच्या खुणा २०१० साली दाखवून दिल्या. हिंदुस्थानचे हवामानखाते १८७५ सालचे. झाडांची नोंदवही त्याहून शतकांनी जुनी. मात्र या विद्येत एकाच झाडाची साक्ष ग्राह्य धरीत नाहीत, कारण एखाद्या वर्षी वलय उमटतच नाही आणि एखाद्या वर्षी खोटे वलय उमटते. पुष्कळ झाडांचे नमुने परस्परांशी ताडून पाहिल्यावाचून साल निश्चित होत नाही.

असाच ताळा लागणारी, वरून पाहण्याची विद्या आपल्याकडे रीतसर शिकवली जाऊ लागली ती १९६६ साली, डेहराडूनला डचांच्या सहकार्याने निघालेल्या छायाचित्र-अर्थबोधाच्या संस्थेत. तेथे विमानातून घेतलेली लागोपाठची दोन छायाचित्रे दुहेरी भिंगाखाली ठेवीत, आणि दोन जागांवरून पाहिलेली एकच टेकडी तेव्हा कोठे उंच उठून दिसे. १९७२ साली अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह अवकाशात गेला, आणि त्याच्या चित्रांवरून आपल्या दूरसंवेदन संस्थेने असा निष्कर्ष काढला की १९७२-७५ या काळात देशाच्या भूमीपैकी १६.८९ टक्के असलेले वनाच्छादन १९८०-८२ पर्यंत १४.१० टक्क्यांवर आले. पुढे वनसर्वेक्षण संस्थेचा १९८७ सालचा पहिला अहवाल आला, त्यात हाच आकडा साडेएकोणीस टक्क्यांच्या घरात होता. रान मध्यंतरी वाढले नव्हते. चित्र वाचणारे निराळे होते आणि वन कशास म्हणावे याची व्याख्या निराळी होती. अखेर दोन्ही खात्यांच्या तज्ज्ञांना एकत्र बसून ताळमेळ घालावा लागला, आणि आपल्या देशातील या विद्येच्या इतिहासात त्या बैठकीइतका बोधप्रद प्रसंग मला दुसरा दिसत नाही.

नागपुरात मृदा सर्वेक्षणाचे राष्ट्रीय कार्यालय आहे, त्याची स्थापना १९७६ सालची. १९८८ च्या मार्च महिन्यात भारताचा आयआरएस-१ए उपग्रह बैकानूरहून उडाला आणि त्याच वर्षी महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र येथे उभे राहिले. इस्रोचे मध्य विभागाचे केंद्रही येथेच आहे. आणि हे असले आकडे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना गटाने काम का द्यावे, याचे कारण या शहरात शोधावयास दूर जावे लागत नाही. लकडगंजाचा अभ्यास करणाऱ्या चौघांच्या गटात एकाकडे पाऊस दिला, तर हवामानखात्याची १९०१ पासूनची मालिका त्यास पाव अंशाच्या चौकोनांत मिळते, म्हणजे बाजू सुमारे २७ किलोमीटरची, आणि साऱ्या लकडगंजाचा तीत एक ठिपकाही होत नाही. दुसऱ्याकडे रिसोर्ससॅट उपग्रहाचे चित्र दिले तर त्याचा चौकोन साडेतेवीस मीटरचा, जवळजवळ एका वखारीएवढा. तिसऱ्याकडच्या लँडसॅटच्या उष्णताचित्राचा चौकोन १०० मीटरचा, आणि ते टिपले जाते सकाळी दहा-साडेदहाच्या सुमारास, भर दुपारी नव्हे. हे तिघे एका टेबलाशी बसून भांडल्यावाचून तिन्ही नकाशे एकमेकांवर बसत नाहीत.

चौथ्याने मात्र पायी हिंडावे. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांचा आकडा दाखवला आणि तो देशभर पसरला. शहरातील इतर काही केंद्रे त्याच वेळी ४४ अंशांच्या आसपास होती, आणि संवेदकात बिघाड असल्याचा खुलासा मागाहून झाला. शेजारच्या केंद्राचा आकडा पाहण्याची सवय ज्या विद्यार्थ्यास लागली आहे, तो अशा वेळी थांबतो. आरागिरणीवरच्या कोऱ्या, चकचकीत पत्र्याचेही तसेच: असा पत्रा उष्णता फार थोडी उत्सर्जित करीत असल्यामुळे उपग्रहाच्या चित्रात तो आहे त्याहून पुष्कळ थंड दिसतो, आणि टेबलाशी बसलेले तिघे त्या चौकोनाला निळा रंग देऊन मोकळे होतात. चौथा तेथे जाऊन येतो, पत्र्याखाली दोन प्रहरी ओंडका चिरणाऱ्या माणसाजवळ उभा राहून तापमापी वाचतो, आणि परत आल्यावर त्या चौकोनाचा निळा रंग खोडून काढावयास सांगतो.