मैदान कुणाचं?

मंडळी, आपल्या संभाजीनगरात आमखास मैदान आहे. नावात ‘आम’ आणि ‘खास’ शेजारी शेजारी बसलेत. प्रत्यक्षात त्यांचं कसं जमतं, हे पाहायला आपण व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या मुंबईत जाऊ.

किल्ल्याबाहेरच्या एस्प्लनेड मैदानावर देशी पोरं क्रिकेट खेळायची. १८७५ मध्ये गोऱ्यांचा बॉम्बे जिमखाना निघाला. त्याचे सभासद पोरांच्या जागेवर पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी जमीन उखडायची, मग चेंडू कसाही उसळायचा. जिमखान्याची स्वतःची खेळपट्टी मात्र राखलेली!

शापूरजी सोराबजी या पारशी क्रिकेटप्रेमी गृहस्थांनी याविरुद्ध लेखणी उचलली. १८८१ मध्ये शेकडो सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. पारशांबरोबर हिंदू-मुसलमान खेळाडूही या लढ्यात होते. १८८२ मध्ये सरकारने पोलो कूपरेजवर हलवला. पुढच्याच वर्षी तो परत आला. हा सगळा झगडा शापूरजींनी १८९७ मध्ये पुस्तकरूपाने छापला.

आम्हाला इथे तत्त्वाचा प्रश्न दिसतो. ‘मैदान सगळ्यांचं’ असं गोरेही म्हणू शकत होते. पण क्रिकेटमुळे पोलोचं काही बिघडत नव्हतं; पोलोमुळे क्रिकेट मात्र अशक्य व्हायचं. एकाच्या वापराने दुसऱ्याचा वापर संपत असेल, तर समान हक्क कागदावरच राहतो.

पुढे समुद्रकाठी पारशी, इस्लाम, हिंदू असे वेगवेगळे जिमखाने झाले. जागा मिळाली, पण एका मैदानासाठी एकत्र भांडलेले लोक आपापल्या कुंपणात खेळू लागले. याला जिंकणं म्हणायचं का? आमखासवरून जाताना विचार करा.